‘कार्डाने पगार?’

लिस्बनच्या सुपरमार्केटमध्ये पहिल्याच आठवड्यात काउंटरवरच्या बाईंनी मला काहीतरी विचारलं आणि त्या अख्ख्या वाक्यातला एकच शब्द मला कळला: पगार. मी दचकलेच. मागून कुणीतरी इंग्रजीत समजावल्यावर उलगडा झाला. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणं. कार्डाने देणार का, एवढंच बाई विचारत होत्या. चावी, साबण, बादली, बटाटा, कोबी यांच्यासारखाच हाही शब्द आपण यांच्याकडून घेतला, फक्त घेताना त्याची दिशा फिरवली. आपल्याकडे पगार येतो, इथे तो जातो. पाच वर्षांत मला दोन्ही अर्थ नीट कळले आहेत.

हे आता आठवायचं कारण म्हणजे मामा. माझी मामेबहीण कराडला इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिने घरात जाहीर केलं की तिला ‘ताईसारखं मेंदूवर काम’ करायचंय. लगेच मामांचा फोन. “अगं, तू तिकडे नक्की करतेस तरी काय? आणि ते उंदरांचं अजून किती दिवस?” पहिल्या प्रश्नाला दीड तास लागला. दुसऱ्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. असं विचारणारे मामा एकटेच नाहीत, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

तर, मी इथे मेंदूवर पीएच.डी. करते आहे, पण मी डॉक्टर नाही. कुणाचं डोकं दुखत असेल तर मला विचारून उपयोग नाही. मीही मामेबहिणीसारखीच इलेक्ट्रॉनिक्सवाली. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं ते थेट सव्विसाव्या वर्षी. माझ्या विषयाला सिस्टिम्स न्यूरोसायन्स म्हणतात. एका पेशीच्या पोटात काय चाललंय यापेक्षा हजारो पेशी मिळून एखादं वागणं कसं घडवतात, हा त्यातला प्रश्न. त्याच प्रश्नाला गणिताने भिडलं की झालं कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स. आमच्याकडे हे दोन्ही लोक शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात आणि एकमेकांच्या कॉफीला नावं ठेवतात.

कामाची जागा मात्र अशी आहे की तिच्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तेजो नदी समुद्राला मिळते तिथे, बेलेमच्या काठावर. वास्को द गामाची जहाजं याच काठावरून निघाली. अंतोनियो शांपालिमो नावाच्या उद्योगपतीने मृत्युपत्रात ५० कोटी युरो विज्ञानासाठी ठेवले. तो २००४ मध्ये गेला आणि त्या पैशातून २०१० मध्ये ही इमारत उभी राहिली. पांढऱ्या दगडाच्या भिंती, त्यांना पडलेली प्रचंड गोल भोकं, आणि मधून नदीकडे चढत जाणारी वाट. त्या वाटेच्या सुरुवातीला उभं राहिलं की पुढे फक्त आभाळ दिसतं. पहिल्या दिवशी मला ते कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण कुठे ते सुचेना. मग कळलं, वास्तुकार चार्ल्स कोरिया. पणजीची कला अकादमी त्यांची, आणि बेलापूरमधली ती अंगणांभोवती रचलेली घरंही त्यांचीच. माझे काका बेलापूरला राहतात आणि लहानपणी मी त्या अंगणांतून सायकल चालवली आहे. घरापासून इतक्या लांब आल्यावर एवढी ओळख पुरते.

सकाळी साडेसातला माझा दिवस एका अंधाऱ्या खोलीत सुरू होतो. उंदीर निशाचर, म्हणून त्यांच्या खोलीतले दिवस-रात्र उलटे केलेले असतात. आम्ही लाल दिव्यात वावरतो, कारण लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. आधी प्रत्येकाचं वजन, मग नोंद, मग पाळीपाळीने प्रयोगाला. माझ्या उंदराचं काम साधं वाटतं: दोन ‘टिक’ आवाज ऐकायचे आणि मधलं अंतर लांब होतं की आखूड ते सांगायचं. आखूड असेल तर डावीकडे, लांब असेल तर उजवीकडे. बरोबर आलं की पाण्याचा थेंब. हे शिकायला त्याला कित्येक आठवडे लागतात आणि त्या आठवड्यांत रविवार नावाचा वार नसतो. पीएच.डी.च्या जाहिरातींत ही गोष्ट कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

शिकलेल्या उंदराच्या मेंदूत प्रोब उतरवायची वेळ आली की खोलीत कुणी बोलत नाही. न्यूरोपिक्सेल्स नावाची ही प्रोब म्हणजे सिलिकॉनची एक सेंटिमीटर लांबीची सुई, केसाएवढी रुंद आणि त्याहूनही पातळ. एवढ्याशा सुईवर ९६० इलेक्ट्रोड, त्यांतले ३८४ एका वेळी वापरता येतात. ती २०१७ मध्ये जगासमोर आली आणि आमचं क्षेत्र तिच्या आधीचं आणि तिच्या नंतरचं असं दुभंगलं. मोटर तिला हळूहळू खाली नेते. इलेक्ट्रोडचे सिग्नल ऐकू यावेत म्हणून मी स्पीकर लावून ठेवते. आधी नुसती खरखर असते, मग एक टिचकी, मग दोन, आणि एका क्षणी नागपंचमीच्या लाह्या फुटायला लागाव्यात तसा तडतडाट सुरू होतो. प्रत्येक तडतड म्हणजे एका पेशीने शेजाऱ्यांना पाठवलेला निरोप. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मोटर बंद करायचं विसरले. प्रोब नको तितकी खोल गेली, आणि काढताना माझा हात हलून ती मोडली. हजारभर युरोंची वस्तू. गाइड म्हणाले, “एक प्रत्येकाला माफ असते.” दुसरी मोडल्यावर ते काही म्हणाले नाहीत.

आता, हे सगळं कशासाठी? २०१६ मध्ये आमच्याच इमारतीतल्या जो पेटन यांच्या लॅबने दाखवलं की उंदराच्या मेंदूतल्या डोपामिन पेशी (म्हणजे डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या) प्रकाशाने चेतवल्या की त्याचा वेळेचा अंदाज बदलतो. अंतर दीड सेकंदापेक्षा लांब की आखूड असं विचारलं, तर पेशी चेतवलेला उंदीर जास्त वेळा ‘आखूड’ म्हणतो. मजेत वेळ कसा गेला कळलं नाही, असं आपण म्हणतो, ते अगदीच हवेतलं नसावं. पण डोपामिनची खरी गंमत याच्याही आधीची आहे. १९९७ मध्ये शुल्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी मांडलं की या पेशी सुख मोजत नाहीत. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. कराडच्या स्टँडवर एसटी वेळेवर आली की जो सुखद धक्का बसतो, तो एसटी आल्याचा नसतो, ती येणार नाही असं आपण धरून चाललो होतो त्याचा असतो. रोज वेळेवर येऊ लागली की धक्का संपतो. कॉम्प्युटरला शिकवण्यासाठी सटन आणि बार्टो यांनी नेमकं हेच गणित आधीच मांडलेलं होतं. त्या कामासाठी त्यांना कॉम्प्युटर क्षेत्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, २०२४ चा. यंत्रासाठी लिहिलेलं समीकरण मेंदूत आधीपासूनच चालू होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रीचं जेवण विसरले होते. (मामांना हे सांगितलं नाही. ते म्हणाले असते, मग वजन कसं वाढलं?)

नोकरीचा मुद्दा इथूनच सुरू होतो. डीपमाइंड ही एआय कंपनी काढणाऱ्या डेमिस हसाबिस यांची पीएच.डी. लंडनमध्ये, मेंदू आणि स्मृती यांवर. एआयचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांनी १९९८ मध्ये तिथेच मेंदूचं गणित अभ्यासणारं गॅट्सबी युनिट उभं केलं, आणि २०२४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यामुळे आमच्या विषयातून एआयकडे जाणारी पायवाट जुनी आहे आणि माझे निम्मे सीनियर त्याच वाटेने गेले. कुणी मेंदूत रोवायची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत, एक जण मनगटावरच्या स्नायूंचे सिग्नल वाचणाऱ्या पट्ट्यावर काम करतो. प्राध्यापक मात्र मोजकेच झाले. पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद, चार-पाच वर्षं, कधी दोन वेगळ्या देशांत, आणि मग एका जागेला शेकड्याने अर्ज. पीएच.डी. झाली की कॉलेजात चिकटू, अशा हिशेबाने येणार असाल तर हिशेब चुकला आहे.

पण एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगते: या घडीला इथे कमतरता आहे ती डेटा वाचणाऱ्या माणसांची. १९८६ मध्ये एका जंताच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा पूर्ण झाला तेव्हा त्याला वर्षानुवर्षं लागली होती. २०२४ मध्ये माशीच्या अख्ख्या मेंदूचा आला: १,३९,२५५ पेशी. २०२५ मध्ये उंदराच्या दृष्टिकेंद्राचा एक घन मिलिमीटर तुकडा आला, मोहरीच्या दाण्याहूनही लहान, आणि त्यात ५२ कोटींच्या वर जोडण्या. त्याच वर्षी बारा प्रयोगशाळांनी मिळून १३९ उंदरांवर एकच प्रयोग केला आणि सहा लाखांहून जास्त पेशींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हा शेवटचा डेटा इंटरनेटवर फुकट पडून आहे. कुणीही उतरवून घ्यावा. पायथॉन येत असेल आणि घरी बरं वायफाय असेल, तर कराडात बसून तुम्ही त्याच पेशी पाहू शकता ज्या इथले लोक पाहतात. मी शिकत होते तेव्हा हे नव्हतं. डेटा त्या त्या लॅबच्या कपाटात असायचा आणि कपाटाची चावी, पोर्तुगीज की मराठी, आपल्याकडे नसायची.

म्हणून मामेबहिणीला मी सांगितलं की अर्जांच्या मागे आता लागू नकोस. लिनिअर अल्जिब्रा आणि प्रोबॅबिलिटी परीक्षेपुरतं केलं असशील, ते पुन्हा कर. न्यूरोमॅच अकॅडमी नावाचा तीन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स आहे, लॉकडाउनमध्ये, २०२० साली सुरू झालेला. त्याचं सगळं साहित्य खुलं आहे. ते एकदा पूर्ण कर, रडत का होईना. मग बीई झाल्यावर एक-दोन वर्षं आपल्याकडेच एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून राहा. पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी आणि कॉलिन्स असिसी यांच्या लॅब याच विषयातल्या. बेंगळुरूला एनसीबीएस आणि आयआयएससी या संशोधनसंस्था आहेत, मुंबईत टीआयएफआर. चेन्नईला आयआयटी मद्रासने २०२४ मध्ये गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा पाच हजारांहून जास्त छेदांचा नकाशा प्रसिद्ध केला. प्रोजेक्ट असिस्टंटचा पगार बेताचा असतो, पण रोज सकाळी प्राण्याचं वजन करायला जीव रमतो की कंटाळतो, हे तिथे सहा महिन्यांत कळतं. परदेशात येऊन कळलेलं मी पाहिलंय. फार महाग पडतं.

देशांचं थोडक्यात. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं. अमेरिकेत बीईनंतर थेट पीएच.डी. मिळू शकते. जर्मनीत पीएच.डी. ही बहुधा करारावरची नोकरी असते, आरोग्यविमा आणि पेन्शनसकट, पण पगार अनेकदा पूर्ण पदाच्या ६५ टक्के. अमेरिकेत पैसा सगळ्यात जास्त होता. मेंदूसंशोधनाच्या त्यांच्या मोठ्या सरकारी उपक्रमाला २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर होते, पुढच्याच वर्षी ४० कोटींवर आले. तिथल्या मैत्रिणी हल्ली फोनवर संशोधनापेक्षा व्हिसावर जास्त बोलतात.

आणि माझं? मला पगार नाही, शिष्यवृत्ती आहे. फी भरावी लागत नाही, उलट महिन्याला बाराशे युरोंच्या थोडं वर हातात येतात. हे ऐकून घरचे गुणाकार करतात आणि खूश होतात. मग मी सांगते की त्यातले साडेपाचशे एका खोलीला जातात, आणि त्या खोलीची खिडकी शेजारच्या जिन्यात उघडते. इथे नोकरदारांना वर्षाला चौदा पगार मिळतात, एक जादा सुटीचा आणि एक नाताळचा. शिष्यवृत्तीवाल्यांना बाराच. डिसेंबरात सगळं शहर खरेदीला निघतं आणि आम्ही ‘अनुभव मिळतोय’ म्हणत भात-आमटी खातो. कोकमं आईने पाठवलेली असतात, त्यामुळे तक्रार नाही. मासेही स्वस्त आणि ताजे. बांगडा इथे सार्डीनइतका मानाचा नाही, हे माझ्या पथ्यावर पडतं.

परवा रात्री मामेबहिणीचा मेसेज आला. तिने खरंच डेटा उतरवून घेतला होता. एका उंदराचं एक सेशन, आणि त्याचा स्वतः काढलेला आलेख: आडवा वेळ, उभी प्रोबची खोली, प्रत्येक निरोपाचा एकेक ठिपका. अक्षांवर नावं नव्हती, रंग भयाण होते. वरच्या बाजूला ठिपक्यांची दाट झुंबड, खालीही झुंबड, मध्ये मात्र एक रिकामी आडवी पट्टी. तिने लगेच व्हिडिओ कॉल केला. तिकडे पहाटेचे साडेपाच.

“ताई, माझा कोड चुकलाय का? इथे काहीच नाहीये.”

“चुकला नाही. वर मेंदूचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स आहे, खाली स्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पस. मधल्या पट्टीत पेशी जवळजवळ नाहीतच, नुसत्या पेशींना जोडणाऱ्या तारा आहेत.”

ती पट्टीकडे बघत राहिली. मग तिने चष्मा काढला, स्क्रीन जवळ घेतली आणि बोटाने ती पट्टी मोजायला लागली. एवढ्यात मागून चहाच्या कपाचा आवाज आला आणि मामा कॅमेऱ्यात डोकावले.

“पगाराचं विचारलंस का गं तिला?”