आजीची तेलुगू बंद करा म्हणे

आमची धाकटी तीन वर्षांची होत आली तरी बोलणं मोजकंच. बालवाडीतल्या बाई म्हणाल्या, "घरात तीन-तीन भाषा, मग पोरगी गोंधळणारच. आता फक्त इंग्रजी बोला."

सोलापूरच्या पूर्व भागातलं पद्मशाली घर आमचं. आईशी तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात कामाला हिंदीही. आम्ही भावंडं असेच वाढलो आणि गप्प बसा म्हणून मार खाल्ला!

नातेवाइकांचं वेगळंच. वेखंड चाटवा. अमक्याचा मुलगा पाच वर्षांपर्यंत मुका होता, आज वकील आहे. (तो वकील प्रत्येक खानदानात एक असतो.)

आधी कान तपासले. बेरा, म्हणजे कानाची तपासणी, करायची तर मूल झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री तिला जागवत आम्हीच पेंगलो. ऐकू व्यवस्थित येतं. मग स्पीच थेरपिस्ट. त्यांनी शब्द मोजले ते सगळ्या भाषांतले मिळून: 'पाणी' एक, 'पालु' (तेलुगूत दूध) एक. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नास शब्द हवेत, दोन-दोन जोडताही यायला हवेत. आमची बरीच मागे. पण भाषेची अडचण असेल तर ती मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसते, एक भाषा काढून घेतल्याने जात नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. इंग्लंडमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात नुकत्याच शाळेत आलेल्या मुलांपैकी सुमारे साडेसात टक्के मुलांना दुसरं कुठलंही कारण नसताना अशी अडचण होती. ती बहुतेक एकभाषीच असणार. हिच्या अडचणीला नाव द्यायची घाई मात्र त्यांनी केली नाही.

आणि तेलुगू बंद करायची म्हणजे दिवसभर तिच्याशी बोलणाऱ्या माणसाचं तोंड बंद करायचं. माझ्या आईची, म्हणजे तिच्या आजीची, मराठी बाजारापुरती.

थेरपिस्टने घरी करायला सांगितलं ते सोपं वाटतं, जमत नाही. "हे काय? रंग कुठला?" ही उलटतपासणी थांबवायची. आपण करतोय ते बोलत राहायचं आणि मग थांबायचं. हे थांबणं फार जड. ती 'पाणी' म्हणाली की आपण 'गार पाणी' म्हणायचं. आईला हे शिकवावं लागलं नाही, ती भांड्यांशीसुद्धा बोलते.

परवा धाकटी म्हणाली, "पालु दे." अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. दूध मिळालं.

बाईंना थेरपिस्टची चिठ्ठी दिली आहे. घरी इंग्रजी होणार नाही, पण वर्गात काही विचारलं तर उत्तरासाठी तिला जरा वेळ द्या, एवढंच मागितलंय. बघू म्हणाल्या.