अमरावती ते शेगाव पायदळ : तिसरा मुक्काम, बोरगाव मंजू

काल दिवस मावळता बोरगाव मंजूला टेकलो. अमरावती ते लोणी बावीसेक किलोमीटर, लोणी ते मूर्तिजापूर तिसेक आणि कालचे पंचवीसेक. डाव्या टाचेला फोड आलाय. सुई-दोरा ओवून पाणी काढलं, दोरा आतच ठेवला. कातडी सोलू नका, माउली. मागच्या वारीत मी सोलली आणि अकोल्यापासून पुढे लंगडत गेलो.

या खेपेला सुरुवात गाडगेबाबांच्या समाधीपासून केली. माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला शेगावात पोचायचं आहे.

लोणीच्या पुढचा महामार्ग म्हणजे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला, तोच पट्टा. गाड्यांना गुळगुळीत, पायाला कठीण. अकरानंतर डांबराची धग तळव्यातून वर चढते. चाल पश्चिमेची, त्यामुळे सकाळी ऊन पाठीवर, दुपारी डाव्या गालावर आणि चारनंतर थेट डोळ्यात. म्हणून पहाटे साडेचारला निघतो, अकराला थांबतो, चारनंतर पुन्हा चालतो. जिथं जमेल तिथं डांबर सोडून कडेच्या मातीवरून.

खरी परीक्षा पाण्याची. हा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा. शेताशेतात बोअर दिसते, पण पाणी जिभेवर खारट. मूर्तिजापूरच्या पुढे एका घरी थांबलो, बोअरखाली बाटली धरली, तर काकू आतून धावत आल्या.

"माउली, ते पिऊ नोका, लय खारं हाये! डाळबी शिजत नाई त्यात. थांबा, नळाचं देतो."

एका घोटातच फरक कळला. मग त्यांनी हरभऱ्याचे ओले घाटे ओंजळभर दिले आणि पिठलं-भाकर खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही. महाराजांनी अकोलीच्या कोरड्या विहिरीला पाणी आणलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. या मुलखात तहानलेलं चालल्यावर ती मला पहिल्यांदा खरोखर समजली. इथं गोड पाणी देणं म्हणजे घरातलं जपून ठेवलेलं देणं.

तेव्हा लोणी सोडताना प्रत्येकी तीन लिटर घ्याच आणि भरायचं ते नळाचंच. कुरणखेडला काटेपूर्णेच्या पुलावर बसून बाटल्या मोजल्या, माझ्याकडे अर्धीच उरली होती.

आज अकोला. तिथून भौरद, गायगाव, पारस, नागझरी. जेठात महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तोच रस्ता आपण उलट चालणार. नागझरीला गोमाजी महाराजांच्या समाधीपाशी झरे आहेत. बाटली तिथं भरायची, असं पहिल्या दिवसापासून ठरवून ठेवलंय.

साडेचार वाजले. बोला, गण गण गणात बोते.