मावशींनी पिशवीवर पाय दिला आणि कलम बदललं

सांगलीत विजयनगरच्या कोर्टात त्या दिवशी बोर्ड, म्हणजे दिवसाच्या केसेसची यादी, लांबलचक होता, आमचं मॅटर दुपारी पुकारलं. मी आरोपीच्या बाजूनं, विधी सेवेकडून नेमलेलो. पोरगं विशीतलं, जामीनदार मिळेना म्हणून सांगली जेलमध्येच पडून होतं. गुन्हा २०२३ चा, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, आणि पोलिसांनी लावलेलं कलम ३९४, जबरी चोरी करताना दुखापत. हे काय साधं कलम नाही हो, १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी नाहीतर थेट जन्मठेप. आणि घडलं काय होतं तर एसटी स्टँडबाहेर एका मावशींची पिशवी बाकड्यावरनं उचलली, आत बचत गटाचे पैसे, मावशी मागं पळाल्या, झटापट झाली आणि हा त्यांच्या मनगटाला चावला. सर्टिफिकेटवर साधी दुखापत.

आता लोकांना वाटतं चोरी झाली आणि मारहाण पण झाली की झाली जबरी चोरी. तसं नाही. कलम ३९०, म्हणजे जबरी चोरीची व्याख्या, नीट वाचा, तिथं सगळा खेळ 'त्यासाठी' या एका अटीवर आहे. मारलं, अडवलं किंवा आत्ताच्या आत्ता मारतो अशी भीती घातली, हे चोरी करायला, करताना किंवा चोरलेला माल घेऊन जायला (नुसता तसा प्रयत्न असला तरी चालतं) केलेलं पाहिजे. माल टाकून दिला आणि निव्वळ स्वतःची मान सोडवायला हात उचलला तर ती चोरी वेगळी, दुखापत वेगळी. धमकीचं पण तसंच, समोर उभं राहून चाकू दाखवून जागच्या जागी पाकीट काढून घेतलं तर जबरी चोरी, पण तुझं पोरगं आमच्या ताब्यात आहे, पैसे पाठव नाहीतर मारू असा निरोप धाडला तर ती खंडणी, कारण भीती तत्काळची नाही. आणि पेपरवाले दोघांनी लुटलं तरी दरोडा छापतात, दरोड्याला किमान पाच जण लागतात, असो.

तर सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, मावशींनी सांगितलं, पिशवी घेतली, मी धरला, तो चावला. सरकारी वकील मॅडम खूश. मी उलटतपासाला उठलो. एकच धागा होता, चावला तेव्हा पिशवी कुठं होती, फिर्यादीत त्याबद्दल अक्षर नाही.

"मावशी, तुम्ही त्याला कशानं धरलं?"

"दोन्ही हातानं, कॉलरीला."

"मग पिशवी कुणाकडं?"

"कुणाकडं म्हंजे? त्यानं टाकली की खाली. म्या तिच्यावर पाय दिला आन् मग धरला त्याला. सोडती व्हय."

आणि बाई कठड्यात खरोखर उजवा पाय आपटून दाखवतात. जजसाहेबांनी मान वर करून बघितलं, मग स्टेनोला सावकाश सांगितलं, 'पिशवीवर पाय देऊन उभी असताना आरोपीने चावा घेतला.' मी लगेच बसलो. 'मग तो कशासाठी चावला' हे विचारायची जीभेवर आलेली खाज दाबायची असते, कारण त्या म्हणाल्या असत्या पिशवी परत ओढायला, तर माल नेण्याचा प्रयत्न आला आणि ३९४ घट्ट बसलं. तो प्रश्न फेरतपासात, म्हणजे माझ्यानंतर त्यांना पुन्हा विचारायला मिळतं तेव्हा, मॅडमनीच विचारला.

"पळायला, दुसरं कशाला? पिशवीकडं बघतंय कोण, लोकं जमलीती."

मॅडमनी फाईल मिटली. खरं बोलणारा फिर्यादी हा दोन्ही वकिलांना अवघडच असतो, पढवलेला साक्षीदार असता तर पिशवी शेवटपर्यंत आरोपीच्या हातात राहिली असती.

निकालात ३९४ उडालं. चोरीचं ३७९ आणि दुखापतीचं ३२३ यात दोषी धरला, जेलमध्ये काढलेले दिवस हीच शिक्षा, वर थोडा दंड. निर्दोष सुटायचा प्रश्नच नव्हता, पिशवी त्यानं उचललीच होती. हेच १ जुलै २०२४ नंतर घडलं असतं तर नव्या भारतीय न्याय संहितेचं जबरी चोरीचं ३०९ लागलं असतं, व्याख्या जवळपास तीच. ३०४ म्हणजे हिसकावून नेण्याचं नवीन कलम आलंय, ३ वर्षांपर्यंतचं, आता चेन ओढण्याच्या केसला ३०४ का ३०९ यावर भांडणं चालू राहणार. पण बाकड्यावरनं गुपचूप उचललेल्या पिशवीला हिसकावणं म्हणायला पण मी विरोधच केला असता.

निकालाच्या दिवशी मावशी आल्या होत्या. व्हरांड्यात मलाच गाठलं. मला वाटलं आता शिव्या बसणार.

"वकीलसाहेब, पैसं मिळालं मागंच, पर पिशवी कधी देणार? चांगली हाय ती, चेनची."

मुद्देमालात जमा होती. मी आरोपीचा वकील, मी काय अर्ज लिहून देणार, मॅडमकडं बोट दाखवलं. मावशी तिकडं निघाल्या आणि माझं पुढचं मॅटर पुकारलं.