फळ्यावरचे ८०

मंगळवार, रात्री साडेदहा

काल संध्याकाळी पोरीने डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार मांड्यांपर्यंत उचलून सरळ उभे राहण्यात, ८० किलो उचलले. बार खाली ठेवला आणि चॉकने पांढरे झालेले हात तसेच घेऊन माझ्याकडे पळत आली. "ताई, ऐंशी!" मी टाळ्या वाजवल्या. फळ्यावर तिच्या नावापुढचे ७५ पुसून ८० लिहिले. सगळी जिम ओरडली.

आज घरी येऊन सकाळच्या धावण्याची वही उघडली, तेव्हापासून चैन नाही. ८०० मीटर : ३ मिनिटे १२ सेकंद. दीड महिन्यापूर्वी हीच पोरगी ३:०५ला पळत होती.

तिला पोलीस भरती द्यायची आहे. मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची. ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. ८००चे पूर्ण गुण हवे असतील तर २ मिनिटे ५० सेकंदांत यावे लागते, चार किलोचा गोळा सहा मीटरपर्यंत जावा लागतो. डेडलिफ्टला एकही गुण नाही. हे मला तोंडपाठ आहे. तरी सोमवारी जड डेडलिफ्ट आणि मंगळवारी सकाळी मैदानावर वेगाचे राउंड, हे वेळापत्रक मीच लावले. मांड्यांची मागची बाजू भरून आलेली, त्यात पोरगी वेग कुठून काढणार? आणि ती बोललीही नाही. पाय दुखतात म्हटले तर ताई वजन कमी करायला लावतील, ही भीती.

वजनावर माझा राग नाही. कंबर, मांड्या पक्क्या झाल्या की धावताना पावलाला रेटा मिळतो, गोळाही लांब जातो. ती पहिल्यांदा आली तेव्हा २० किलोच्या रिकाम्या बारला पाठ गोल करायची. दर आठवड्याला वाढणाऱ्या अडीच किलोंनीच तिला जिममध्ये टिकवले. अडचणही तिथेच आहे. बार आठवड्याला काहीतरी हातावर ठेवतो. धावणे महिनाभर घाम काढून तीन सेकंद देते, कधी तेही देत नाही. मग माणूस जिथे लवकर मिळते तिकडे झुकतो. मी तर भिंतीवर फळाच लावून ठेवला, तोही फक्त किलोंचा.

आमच्या सांगलीच्या संकेत सरगरची बर्मिंगहॅमची लढत आज सारखी आठवते आहे. २०२२, राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर नेण्यात, ११३. क्लीन अँड जर्कच्या, म्हणजे बार आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेण्याच्या, पहिल्याच प्रयत्नात १३५. दुसऱ्याला १३९ लावले आणि उजव्या कोपराला दुखापत झाली. तशा हाताने तो तिसऱ्यांदाही बारखाली गेला. एकूण २४८वर थांबला आणि मलेशियाच्या अनिक कासदानने २४९ करून सुवर्ण नेले. एका किलोने. पानटपरी चालवणाऱ्या घरातला हा पोरगा, त्या दिवशी सांगलीत सगळ्यांच्याच पोटात कालवले होते. पण त्या १३९मागचा हिशोब सरळ होता : ते वर गेले असते तर कासदानला त्याचे क्लीन अँड जर्कचे १४२ पुरले नसते, १४६ लावावे लागले असते. त्याच्या बारवरच्या प्रत्येक किलोला कारण होते. माझ्या पोरीच्या ८०ला काय कारण होते, असे कुणी विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

मघाशी बसून हिशोब मांडला. २:५० म्हणजे १७० सेकंद, म्हणजे दर २०० मीटरला साडेबेचाळीस. एकदम २२ सेकंद कापायचे म्हटले की तिचा चेहरा उतरतो, मी पाहिले आहे. २०० मीटर साडेबेचाळीसमध्ये मात्र ती आजही पळेल. उद्या तसे चारच, मध्ये तीन-तीन मिनिटे चालायचे. जमले की पुढच्या आठवड्यात पाच, मग सहा. नंतर विश्रांती कमी करत आणायची. डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, ६०वर, तीन सेट पाच-पाचचे. शुक्रवारी सकाळी फक्त गोळा.

सकाळी मैदानावर जाण्याआधी जिम उघडून फळा पुसणार आहे. तिला वाईट वाटेल. ८०साठी तिने खरेच जीव ओतला होता, त्यामुळे आधी तिला समोर बसवून सांगेन की चूक माझी झाली. मग तिच्या नावापुढे ४२.५ लिहायचे, खडू तिच्याच हातात देऊन.

गजर पावणेपाचचा लावला. स्टॉपवॉचचा सेल उतरत आला आहे, जाताना नवा घ्यायला हवा. एवढ्या पहाटे दुकान कुठले उघडे असणार, भिंतीवरच्या घड्याळाचाच काढून बघते बसतो का.