जुनी एमजीबी शर्यतीसाठी उभी करताना

ऐतिहासिक गाड्यांच्या शर्यतीत उतरायचे ठरल्यावर मी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार निवडली, त्यामागे हौसेइतकाच हिशेब होता. 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून या मालिकेतील पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि तिच्यावर हात बसलेले कारागीर आजही मिळतात. शिवाय शर्यतीतली तिची कामगिरीही अभ्यासण्यासारखी आहे. 1963 साली फ्रान्समधील ल माँच्या 24 तासांच्या शर्यतीत ही गाडी वाळूत रुतली, ती उकरून काढण्यात सुमारे दीड तास गेला आणि तरीही एकूण बाराव्या क्रमांकावर येऊन तिने दोन लिटरच्या जीटी गटात बाजी मारली. पुढे 1966 मध्ये जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या ट्रॅकवरची 84 तासांची मॅरेथॉन दे ला रूट तिने जिंकली. या गाडीहून ताकदवान गाड्या तेव्हाही पुष्कळ होत्या. हिचे यश टिकण्यात होते. म्हणून कामाचा क्रम मी सुरुवातीलाच ठरवून टाकला होता: आधी सांगाडा, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, मग तेल आणि थंडावा, आणि इंजिनाची ताकद सर्वांत शेवटी.

माझी गाडी 1965 ची, उघड्या टपाची, म्हणजे रोडस्टर आहे. हे साल मी मुद्दाम शोधले. मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या ऐतिहासिक शर्यतींच्या नियमावलीत, म्हणजे परिशिष्ट ‘के’मध्ये, गाड्यांचे काळानुसार गट पाडलेले आहेत आणि 1962 ते 1965 हा ‘एफ’ काळ आहे. त्या काळात जे बदल अधिकृतपणे नोंदले गेले होते तेवढेच आज करता येतात, आणि गाडीसोबत तिचा ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट असावा लागतो. दुसरे कारण इंजिनाचे होते. एमजीबीच्या 1798 सीसी इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, सुरुवातीला तीन मुख्य बेअरिंगवर फिरत असे, 1964 च्या अखेरीस ती पाच झाली. तीन बेअरिंगच्या इंजिनात घर्षण कमी असते म्हणून काही चालक तेच पसंत करतात. मला मात्र जास्त फेऱ्यांवर पाच बेअरिंगचा आधार हवा होता.

पाना हातात घेण्याआधी मी होमोलोगेशनची, म्हणजे गाडीसाठी अधिकृतपणे मंजूर झालेल्या भागांच्या नोंदीची, कागदपत्रे मिळवली आणि त्यांतले प्रत्येक पान गाडीच्या प्रत्येक भागाशी ताडून पाहिले. कोणता कार्ब्युरेटर चालेल, चाकांची रुंदी किती, गिअरचे कोणते प्रमाण नोंदलेले आहे, हे सगळे त्यात आहे. हे वाचन कंटाळवाणे वाटते खरे, पण नंतर काढून टाकावा लागेल असा भाग विकत घेण्याचा मोह त्यामुळेच आवरतो. उदाहरणार्थ, रस्त्यावरच्या एमजीबीला लोक सर्रास आधुनिक टेलिस्कोपिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवतात. मूळ गाडीला धक्के शोषणारे जुन्या पद्धतीचे लिव्हरचे हायड्रॉलिक डँपर आहेत, आणि पुढच्या बाजूला तर त्याच डँपरचा हात हा सस्पेन्शनचा वरचा विशबोन (चाकाला धरणारा आडवा दांडा) म्हणून काम करतो. मी तेच डँपर ठेवले, फक्त शर्यतीसाठी कडक व्हॉल्व्ह घालून पूर्ण दुरुस्त करून घेतले. नियम हे त्याचे एक कारण आहेच, पण माझ्या मते चांगल्या स्थितीतले लिव्हर डँपर तेवढे वाईट नसतातच. त्यांची बदनामी झिजलेल्या आणि तेल गळणाऱ्या डँपरमुळे झाली आहे.

खरे काम सांगाड्याने सुरू झाले आणि सर्वाधिक वेळही त्यानेच घेतला. एमजीबीला वेगळी चासी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा, आणि रोडस्टरला टप नसल्यामुळे दारांखालच्या सिलवरच सगळा भार येतो. हे सिल म्हणजे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि त्या दोहोंच्या मध्ये उभा असलेला तिसरा पत्रा, अशी बंद पेटी असते. बाहेरून रंग बरा दिसत होता. मी बाहेरचा पत्रा कापून उघडला तेव्हा पूर्वी कुणीतरी गंजलेला भाग न काढता त्यावरच नवे तुकडे जोडल्याचे दिसले, आणि मधला उभा पत्रा खालच्या बाजूने बोटाने दाबला तरी भुगा होऊन खाली पडत होता. अशा सिलवर रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, बसवणे म्हणजे भुसभुशीत भिंतीत खांब रोवण्यासारखे झाले असते.

रोडस्टरचे सिल कापताना एक गोष्ट कधीही टाळू नये. दाराच्या पोकळीत आडवा आधार वेल्ड केल्याशिवाय कापायला सुरुवात केली, तर सांगाडा मधोमध खचतो आणि नवे सिल त्या खचलेल्या अवस्थेतच जोडले जाते. मी प्रत्येक दारपोकळीत वर आणि खाली असे दोन लोखंडी आधार लावले, गाडी सस्पेन्शनच्या मूळ बिंदूंवर समपातळीत टेकवली, आणि मगच कटर हातात घेतला. एका वेळी एकच बाजू कापली. प्रत्येक पत्रा आधी क्लँपने धरायचा, दार बिजागरीवर चढवून चारही बाजूंची फट पाहायची, मग थोडेसे टाके मारायचे, पुन्हा दार लावून पाहायचे, आणि फट जागेवर असेल तरच सलग वेल्ड करायचा. हे हळू चालते. पण दाराची फट ही सांगाडा सरळ असल्याची सर्वांत प्रामाणिक खूण आहे. वर आणि खाली ती सारखी नसेल तर कुठेतरी काहीतरी खचलेले असते. आतल्या पोकळ्यांत शेवटी मेणाचा लेप फवारला.

रोल केज मी रंगाआधीच बसवून घेतला. मुख्य कमानीला 45 मिलिमीटर व्यासाची आणि 2.5 मिलिमीटर जाडीची विनासांधा पोलादी नळी वापरली, आणि प्रत्येक पायाखाली 3 मिलिमीटर जाडीचा, किमान 120 चौरस सेंटिमीटरचा पत्रा सांगाड्याला वेल्ड केला, म्हणजे गाडी उलटली तर भार पातळ फरशीला फाडून जाणार नाही.

ब्रेकच्या बाबतीत मूळ रचना चांगली आहे: पुढे 273 मिलिमीटरच्या डिस्क आणि मागे 254 मिलिमीटरचे ड्रम. नळ्या मात्र सगळ्या नव्या, तांबे-निकेलच्या टाकल्या, कॅलिपरचे पिस्टन आणि सील बदलले, आणि पुढे शर्यतीचे पॅड घातले. पॅडची निवड करताना ते किती तापमानाला पकड घेतात हे पाहावे, कारण फार कठीण पॅड पहिल्या एकदोन वळणांवर थंड असतात आणि नेमकी तिथेच गर्दी असते. ब्रेक ऑइल प्रत्येक शर्यतीच्या फेरीआधी ताजे करण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली. ते हवेतली आर्द्रता शोषते आणि मग कमी तापमानालाच उकळते, त्यामुळे पॅडल एकाएकी तळाला जाते.

पुढच्या सस्पेन्शनमध्ये किंगपिन, म्हणजे ज्याभोवती पुढचे चाक वळते तो खिळा, आणि त्याच्या खालच्या टोकाचे बुश हा एमजीबीचा नेहमीचा दुबळा भाग आहे, कारण ग्रीस वेळेवर मिळाले नाही की तो झिजतो आणि चाक हलू लागते. दोन्ही बाजूंचे किंगपिन नवे घालून, रीमरने बुश अचूक करून घेतले. कारखान्याच्या मापानुसार पुढच्या चाकांचा वरचा भाग किंचित बाहेर झुकलेला, म्हणजे सुमारे एक अंश पॉझिटिव्ह कँबर असतो. रस्त्यावर ते ठीक आहे, पण शर्यतीत वळणावर टायरची बाहेरची कडाच घासते, म्हणून तो सुमारे दीड अंश निगेटिव्ह केला. शेवटी चार वजनकाट्यांवर गाडी उभी करून, मी स्वतः सीटवर बसून, चाकांवरचे वजन तपासून घेतले. चालकाशिवाय केलेल्या या मापाचा उपयोग नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

इंजिन उघडल्यावर आधी ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड चुंबकीय तपासणीला पाठवले. साठ वर्षांच्या लोखंडात डोळ्यांना न दिसणारी तडा असू शकते, आणि ज्याची तपासणी झालेली नाही अशा रॉडवर पैसे व वेळ घालवणे मला पटत नाही. तपासणीत पार पडलेला क्रँक संतुलित करून घेतला आणि रॉडचे बोल्ट नवे, अधिक मजबूत वापरले.

बेअरिंगची फट मोजण्याचे काम मी दुसऱ्या कुणावर सोडले नाही. मेणासारखा प्लास्टिकचा बारीक धागा कोरड्या जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, आडवा ठेवायचा, बेअरिंगची टोपी नेमून दिलेल्या टॉर्कवर आवळायची, क्रँक जराही न फिरवता टोपी पुन्हा काढायची, आणि चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी ताडायचा. धागा जितका रुंद पसरला तितकी फट कमी. मला 0.05 ते 0.06 मिलिमीटर फट हवी होती. चार ठिकाणी ती बरोबर आली. पाचव्या ठिकाणी धागा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद पसरला, म्हणजे जर्नल किंचित निमुळता होता. क्रँक परत ग्राइंडिंगला गेला आणि पुढच्या मापाची बेअरिंग आली. काम लांबले, पण याच जागी तेलाची पातळ फिल्म तुटली की इंजिन संपते.

तेलाची आणखी एक अडचण शर्यतीतच उद्भवते. लांब वळणावर तेल समपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, एका बाजूला चढते आणि पंपाची नळी हवा ओढू लागते. म्हणून समपमध्ये आडपडदे वेल्ड केले, पुढे ऑइल कूलर बसवला, आणि तेलाच्या दाबाचा दिवा इतका मोठा लावला की तो नजरेच्या कडेलाही दिसावा. घड्याळाच्या काट्याकडे वळणावर पाहायला सवड नसते.

सिलिंडर हेड हे या इंजिनाचे वैशिष्ट्यही आहे आणि मर्यादाही. त्यात हवा आत घेणारी दोनच छिद्रे आहेत. एकातून पहिले आणि दुसरे, दुसऱ्यातून तिसरे आणि चौथे सिलिंडर श्वास घेतात. प्रज्वलनाचा क्रम 1-3-4-2 असल्यामुळे एका जोडीतले एक सिलिंडर हवा ओढून होते न होते तोच शेजारचे ओढू लागते, आणि मिश्रणाची वाटणी कधीच पूर्ण सारखी होत नाही. हे हेड घासून मोठे करण्याला म्हणूनच अर्थ नाही. छिद्रांचा आकार आणि त्यांतले वळण सुधारल्यानेच फायदा होतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कठीण धातूच्या सीट बसवल्या, कारण शिसेविरहित पेट्रोलवर जुन्या सीट झिजून खोल जातात. दोन एसयू कार्ब्युरेटरऐवजी, कागदपत्रांत नोंदलेला वेबर 45 डीसीओई घेतला.

नवीन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडवणारा दांडा) आणि त्यावर घासणारे सपाट टॅपेट यांची पहिली वीस मिनिटे निर्णायक असतात. पृष्ठभागांवर खास पेस्ट लावली, जस्ताचे प्रमाण पुरेसे असलेले तेल भरले, आणि इंजिन सुरू होताच आयडलला न सोडता 2000 ते 2500 फेऱ्यांवर धरून ठेवले. कमी फेऱ्यांवर कॅमला पुरेसे तेल उडत नाही आणि टॅपेटचा तळ खरवडला जातो. त्यानंतर तेल आणि फिल्टर लगेच बदलले. रोलिंग रोडवर, म्हणजे गाडी रुळांवर जागच्या जागी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जेट (इंधनाची छिद्रे) आणि ठिणगीचे टायमिंग ठरवताना एकूण अ‍ॅडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते तो कोन, 32 अंशांवर थांबवला. त्यापुढे ताकदीत फरक दिसत नव्हता, मग धोका कशासाठी घ्यायचा?

ताकद वाढली की पुढची कमकुवत कडी मागच्या अ‍ॅक्सलमध्ये निघते. जुना हाफ-शाफ्ट, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा, मी बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरला, तर टोकाच्या स्प्लाइनच्या, म्हणजे खाचांच्या, रेषा सरळ नव्हत्या. दोरीला हलका पीळ द्यावा तशा त्या एका बाजूला वळल्या होत्या. तो शाफ्ट मूळ इंजिनाच्या ताकदीलाच थकलेला होता. अधिक चांगल्या पोलादाचे शाफ्ट आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद पोचवणारे) बसवल्यावरच मी गाडी पूर्ण जोराने चालवली.

तांत्रिक तपासणीत अधिकाऱ्यांनी ताकदीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. निळ्या त्रिकोणातल्या लाल विजेच्या खुणेखालचा बॅटरी बंद करण्याचा स्विच चालू इंजिन खरोखर थांबवतो का, थ्रॉटलला जादा परतीची स्प्रिंग आहे का, दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला लागणारी किमान दोन लिटरची, बाहेर उसळलेले तेल साठवणारी कॅच टँक आहे का, पट्टे आणि सीट यांवरची मुदत उलटलेली नाही ना, अग्निशामक यंत्रणेची पिन कुठे आहे, हे सगळे त्यांनी हात लावून पाहिले. इंधनाची एक नळी इंजिन आणि आसनांमधल्या फायरवॉलमधून जाताना रबरी बुशऐवजी पत्र्याच्या कडेला टेकत होती, ती तिथेच बदलायला लावली. त्यांचे बरोबर होते. ती नळी काही तासांत कापली गेली असती.

पहिल्या सरावात गाडी वेगवान वळणांवर पुढून घसरत होती. मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलणे कमी करणारा दांडा) जोडण्याचा सल्ला मिळाला, पण मी आधी टायरचे तापमान तीन ठिकाणी मोजले. पुढच्या टायरची आतली कडा इतर भागांपेक्षा गरम होती, म्हणजे कँबर गरजेपेक्षा जास्त झाला होता. तो थोडा कमी केला, पुढच्या टायरमधली हवा किंचित उतरवली, आणि घसरणे बरेच आटोक्यात आले. शर्यत संपल्यावर तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या पसरून पाहिल्या. बेअरिंगच्या धातूचा कण दिसला नाही. सध्या चौथ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग इतरांपेक्षा फिकट येतो आहे, म्हणून पुढच्या फेरीआधी इनलेट मॅनिफोल्डचे सांधे हवेच्या गळतीसाठी तपासायचे आहेत, आणि ते घट्ट निघाले तर वेबरची मुख्य जेट एक माप मोठी करून पाहणार आहे.