केगेन

सुट्टी म्हणून सकाळी वाचायला बसलो, तो जेवणाची हाक आली तेव्हाच उठलो. पेचेनेग या भटक्या तुर्की लोकांमधला अकराव्या शतकातला सरदार केगेन अजून डोक्यातून जात नाहीये.

साध्या घरातला माणूस. ओघुझ या दुसऱ्या तुर्की लोकांशी लढून त्याने नाव कमावलं, तर टोळ्यांचा प्रमुख तिराख त्याच्याच जिवावर उठला. केगेन दलदलीत लपला, मग सुमारे 20 हजार माणसं घेऊन डॅन्यूबमधल्या एका बेटावर आला आणि बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट नववा कॉन्स्टंटाइन याच्याकडे आसरा मागितला. बाप्तिस्मा, मानाची पदवी, नदीकाठचे 3 किल्ले, सगळं मिळालं.

1046-47 च्या थंडीत डॅन्यूब गोठली. तिराखने बर्फावरून घोडी घातली! पण रोगराईने त्याची माणसं खचली, शरण आली. यांना जिवंत सोडू नका, असं केगेन कळवळून सांगत होता. सम्राटाने त्यांना साम्राज्यातच वसवलं. पुढे ते उलटलेच, आणि संशयावरून कैदेत पडला तो केगेन. मग त्यालाच सोडून समेटासाठी धाडलं, तिथे पेचेनेगांनीच त्याचे तुकडे केले.

फार वाईट वाटलं. संध्याकाळी नकाशा उघडून बल्गेरियातल्या सिलिस्त्रा शहराजवळ डॅन्यूबमधली बेटं बघत बसलो. त्यातलं त्याचं कुठलं असेल?