मूठ धरली तरी झटके थांबेनात

लेक 36 तासांची होती. पहाटे दूध पिता पिता तिचा उजवा हात उडायला लागला. एका ठेक्यात, सेकंदाला एकदा. डावा हात दुपट्यात शांत. आई म्हणाली, "एसीचा गारठा लागला असेल गं." सिस्टर म्हणाल्या, बाळं दचकतातच.

तासाभराने पुन्हा तेच. या वेळी मी तिची इवलीशी मूठ माझ्या मुठीत घेतली. ठोके थांबेनात, माझ्या तळहातावर लागत राहिले. ह्यांनी लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढला.

ऐरोलीच्या त्या नर्सिंग होममध्ये एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, नव्हता. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली अ‍ॅम्ब्युलन्स अडकली तेव्हाचा माझा जीव मलाच ठाऊक. ठाण्यातल्या डॉक्टरांनी आधी व्हिडिओ पाहिला. "नुसतं थरथरणं असतं तर हात धरल्यावर थांबलं असतं. ही फिट आहे." फेनोबार्बिटोन हे फिटचं औषध सुरू झालं. साखर, कॅल्शियम, जंतुसंसर्ग, पाठीतलं पाणी, सगळं तपासलं. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीत, डाव्या बाजूला गडबड दिसली.

टाळूवरून केलेली सोनोग्राफी मात्र नॉर्मल आली. आम्ही हुश्श केलं, पण डॉक्टर एमआरआयवर अडून बसले. सुरुवातीच्या दिवसांत स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडणं, सोनोग्राफीत निसटू शकतो, म्हणाले. ते अडून बसले म्हणूनच कळलं. भूल दिली नाही. पोटभर दूध पाजलं, कान झाकले, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि झोपेतच तपासणी झाली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडथळा आला होता.

तान्ह्या बाळाला स्ट्रोक? माझा विश्वासच बसेना. तिचं तोंड वाकडं नव्हतं, हातपाय दोन्हीकडचे हलत होते. नवजात बाळात पुष्कळदा फिट हीच एकमेव खूण असते, हे तेव्हा समजलं. माझं काय चुकलं, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, तुमचं काही चुकलेलं नाही, बऱ्याच बाळांत नेमकं कारण सापडतच नाही.

आता ती सात महिन्यांची आहे. फिट पुन्हा आली नाही. पण सगळं डाव्या हातानेच धरते. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "मामंजींवर गेली, डावखुरी!" मी मात्र त्याच आठवड्यात दाखवून आणलं, कारण वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर दुसरा कमजोर असू शकतो, हे डॉक्टरांनी घरी सोडतानाच बजावलं होतं. फिजिओथेरपी सुरू आहे. खुळखुळा मी उजवीकडूनच पुढे करते.